पुरलेला कचरा कुजतो का?

कचरा पुरला की कुजतो, असे आपण धरून चालतो. पण कुजणे मोजायचे कसे?

१९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिला 'नीरी' हे नाव मिळाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी २००४-०५ मध्ये तिने ५९ शहरांचा कचरा तपासला. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा असतो: साली, देठ, शिळे अन्न. म्हणजे तो झटपट कुजावा!

अमेरिकेत मात्र पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथ्जी यांनी १९८७ पासून कचराभूमी खणल्या, तेव्हा अनेक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशी निघाली. कारण साधे होते. आत ओल नव्हती आणि जिवाणूंना पाणी लागतेच. ओल असली तर आधी ढिगातला प्राणवायू संपतो, मग आम्ले बनतात, त्यानंतर मिथेन. हा वायू पेट घेतो. कचऱ्याच्या आगी धुमसत राहतात त्या काही उगाच नव्हे.

मोजणीची एक रीत अगदी घरगुती वाटावी अशी आहे. ढिगावर पेटी पालथी घालायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतला वायू काढायचा आणि त्यातला मिथेन प्रयोगशाळेत मोजायचा. प्रमाण जितके झपाट्याने वाढेल, तितके कुजणे जोरात. मात्र भांडेवाडीच्या कचरा डेपोत मे महिन्यात घेतलेला आकडा आम्ही ऑगस्टला लावणार नाही. नागपूरचा उन्हाळा वरचा थर पार वाळवून टाकतो.

वर्गात दोन कुंड्यांत केळीची साल आणि वर्तमानपत्राचा तुकडा पुरावा. एकीला रोज पाणी द्यावे, दुसरीला अजिबात नाही. महिन्याने दोन्ही उकराव्यात.