आधी तारीख, मग तारीफ

माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. हिच्यात मात्र उधारी नाही. आमच्या अंबाजोगाईतल्या सात-आठ रसिकांनी कॅसेटवर ऐकलेल्या मैफलींचा जमाखर्च आहे. कोण गायलं, कुठं गायलं, काय जमलं, काय राहून गेलं. गाण्याच्या इतिहासाचं एक न छापलेलं पान मला या वहीत दिसतं, म्हणून आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

मैफल ही मुळात हवेत विरून जाणारी गोष्ट. भास्करबुवा बखले 1922 साली गेले, उस्ताद अल्लादिया खाँ 1946 साली. दोघांनी महाराष्ट्राचं गाणं घडवलं, पण दोघांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. ज्यांनी ऐकलं ते सांगत राहिले आणि सांगता सांगता तेही गेले. हिंदुस्थानात 1902 साली कलकत्त्याला गौहरजानच्या तबकड्या भरल्या गेल्या खऱ्या, पण त्या तबकडीत गाणं मावायचं तीन-साडेतीन मिनिटं. तासभर उमलणारा राग तिच्यात बसवायचा म्हणजे वडाचं झाड कुंडीत लावण्यासारखं.

मग टेपरेकॉर्डर आला. आधी मोठ्या चकत्यांचा, म्हणजे स्पूलचा. तो श्रीमंत शौकिनांकडेच असायचा. 1963 साली फिलिप्स कंपनीनं छोटी कॅसेट काढली आणि 1980 नंतर ती आपल्याकडे गल्लीबोळांत पोहोचली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. आख्खा विलंबित ख्याल सामान्य माणसाच्या घरात आला. पुण्या-मुंबईत कुणी मांडीवरच्या शालीखाली यंत्र ठेवून, कुणी आयोजकांच्या संमतीनं, कुणी ध्वनिक्षेपकवाल्याला गाठून मैफली भरून घेऊ लागला. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी निघायची. प्रत्येक नकलेत आवाज थोडा मळायचा, खरखर वाढायची.

आमच्याकडे ही कॅसेट एसटीनं यायची. गावात एक रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, ईशाची नमाज आटोपून दुकानाचं अर्धं शटर ओढून घ्यायचे. एक शाळामास्तर, एक एसटी कंडक्टर, एक शिंपी, दवाखान्यातले कंपाउंडर, देवळात पेटी वाजवणारे एक गुरव आणि बी.ए.ला असलेला मी. साल साधारण 1989. आमच्यापैकी कुणीही गाणं शिकलेलं नव्हतं. चाचा स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसायचे, सैल झालेलं रीळ पेन्सिलीनं गुंडाळायचे आणि बटण दाबायचे.

ऐकून झालं की वही निघायची. मी पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा ‘अप्रतिम! केवळ अप्रतिम!’ असं लिहिलं. चाचांनी वाचलं आणि म्हणाले, ‘‘बेटा, पहले तारीख डाल, फिर तारीफ कर.’’

त्या एका वाक्यानं मला लिहिणं शिकवलं. तारीख, गाव, राग, साथीला कोण, नक्कल कितवी हे आधी. माहीत नसेल तिथं जागा मोकळी. मग गाण्याविषयी, तेही नेमकं. वहीतल्या काही नोंदी पाहा. ‘ब बाजूला बंदिश मधेच तुटते, भरणाऱ्यानं कॅसेट उलटायला उशीर केला.’ ‘याच गायकाचा हाच राग मागच्या महिन्यात ऐकला. तिथं तो पंचमावर सावकाश आला होता, इथं लगेच. मागचा बरा.’ ‘तबला फार जवळून आला आहे, भरणारा तबलजीच्या बाजूला बसला असावा.’ ‘तंबोरा मधेच जुळवला, पण त्यानंतरचं गाणं आधीपेक्षा खुललं.’ कंडक्टरभाऊंची एक नोंद मला फार आवडते : ‘या माणसाला आज गायचं नव्हतं. तरी गायला. पुढची अर्धी बाजू ऐकावी.’

ही समीक्षाच होती. वर्तमानपत्रात मैफलीचा वृत्तान्त यायचा, त्यात निरांजन कुणी लावलं आणि आभार कुणी मानले हे जास्त असायचं. एकाच गायकाच्या चार मैफली शेजारी ठेवून काय बदललं, काय टिकलं हे पाहणं आमच्या दुकानात चालायचं. पंडित कुमार गंधर्वांसारखा गायक, जो तोच राग दर वेळी नव्यानं शोधायचा, तो कळायला एक कॅसेट पुरत नाही, हे आम्हाला तिथं उमगलं.

पुढं कळलं की हे वेड एकट्या अंबाजोगाईचं नव्हतं. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या रॉक बँडचे चाहते गावोगाव जाऊन कार्यक्रम टेप करायचे, फुकट अदलाबदल करायचे आणि कुठल्या रात्रीचं वादन सरस यावर हिरिरीनं वाद घालायचे. त्या बँडनं 1984 साली टेप करणाऱ्यांसाठी बसायची वेगळी जागाच करून दिली. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जपण्याजोग्या ध्वनींच्या यादीत घेतलं. वाद घालणाऱ्यांनी तारीख लक्षात ठेवली होती, म्हणून ती रात्र टिकली.

पण याला दुसरी बाजू आहे. गाणाऱ्याला न विचारता त्याचं गाणं उचलायचं, ही चोरी नव्हे काय? केसरबाई केरकर याबाबतीत फार कडक होत्या. आपलं गाणं कुणी परस्पर भरून न्यावं हे त्यांना खपत नसे. 1994 सालच्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आला. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी भरून घ्यायला कायदा सूट देतो, धंद्यासाठी नाही. चाचांना कायदा ठाऊक नव्हता, पण त्यांनी एकही कॅसेट विकली नाही. ‘‘जिसने गाया उसको पैसा नहीं मिला, तो मैं कैसे लूँ?’’ असं ते म्हणत.

ही दुसरी बाजू मला स्वतःच्या अंगावर आल्यावरच कळली. एका उरुसाच्या मुशायऱ्यात मी एक अर्धीकच्ची मराठी गझल वाचली. कुणी तरी ती टेप केली आणि ती कॅसेट फिरत फिरत आमच्याच दुकानात आली. मी ओशाळलो. नको म्हणालो. पण मास्तर म्हणाले, ‘‘इतरांची ऐकताना बरं गोड लागतं तुला!’’ सगळ्यांनी ऐकली. वहीत चाचांनी स्वतः लिहिलं. आधी तारीख, गाव. मग : ‘आवाज साफ. तिसऱ्या शेराला मुलगा घाई करतो. टाळी मिळेल की नाही याची त्याला भीती आहे.’ त्या रात्री मला झोप आली नाही. न विचारता टेप करणाऱ्याचा राग होताच, पण नोंद खरी होती. ती टेप नसती, तर ही गोष्ट मला कुणी सांगितली नसती.

चाचा गेले. मुलांनी दुकान विकलं. दोन पेट्याभर कॅसेटी भंगारात गेल्या. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुलांना दोष देत नाही, बऱ्याच कॅसेटींना बुरशी लागली होती. 1982 साली पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं एक अभिलेखागार असे खासगी संग्रह जपतं, हे तेव्हा आम्हाला ठाऊक असतं तर!

आता माझ्याकडे आहे ती फक्त वही. ज्या मैफली आता कुणालाच ऐकता येणार नाहीत, त्यांच्यावरचे अभिप्राय. भास्करबुवांच्या काळात आपण पुन्हा जाऊन पोहोचलो की काय, असं वाटतं. फरक एवढाच, की या वेळी कुणी तरी तारीख घालून, नेमकं लिहून ठेवलं आहे.

तुमच्या घरच्या माळ्यावरही एखादी पेटी असेल. कॅसेटींवर कुणाच्या तरी अक्षरात गाव, राग लिहिलेला असेल. ती उतरवा. चालतात तेवढ्या कॅसेटी नव्या यंत्रात उतरवून घ्या. आणि घरात जो कुणी त्या मैफलीला बसला होता, त्याला विचारून तारीख घाला. तारीफ नंतर करता येते.

मी अजूनही मुशायऱ्यात वाचतो. तिसऱ्या शेरापाशी आलो की थांबतो. एक श्वास घेतो. मग पुढं जातो.