एका बालहृद्रोगाचा इतिहास

सात महिन्यांच्या एका मुलीच्या शवाची तपासणी करतांना अॅम्स्टरडॅमचे डॉ. योहानेस पॉम्प यांना तिच्या वाढलेल्या हृदयांत ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, सांठा आढळला. हें त्यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलें. तो सांठा फोडणारें पाचकद्रव्यच पेशींत नसतें, हें बेल्जियमच्या हेर्स यांनीं १९६३ सालीं दाखविलें. आईबाप धडधाकट, पण दोघांकडूनहि सदोष बीज आलें कीं मूल मान धरीत नाहीं, दूध ओढतांना दमतें, व उपचाराविना बहुधा वर्षाच्या आंत जातें. अशा बाळास आमच्या मांडवीस कोणी नुसतें ‘अशक्त’ म्हणेल.

पॉम्प यांस हें उत्तर कळलें नाहीं. ते जर्मन अंमलाच्या विरोधकांपैकीं. त्यांच्या प्रयोगशाळेंत रेडिओचें प्रक्षेपणयंत्र सांपडलें, आणि १५ एप्रिल १९४५ रोजीं त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. नभोवाणीवरून हें सांगतांना जीभ जड होते.

तें द्रव्य शिरेवाटे देण्यास २००६ सालीं अमेरिका व युरोपांत मान्यता मिळाली. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणाखालीं मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयासारख्या केंद्रांतून रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळूं शकतें. रक्कम मोठी खरी. परंतु औषध जन्माचें, व मूल वाढेल तशी मात्राहि वाढते. रक्कम सरल्यावर पुढें काय, हा प्रश्न दुर्मिळ रोगांनीं ग्रासलेल्या मुलांच्या आईबापांनीं दिल्ली उच्च न्यायालयांत नेला आहे.