अंगाला फिका, काठाला उजळ

आमच्या लहानपणी बायकांच्या तोंडी साड्यांच्या रंगांची नावे असत ती खाण्यापिण्यातली नाहीतर परसातली. पिस्ता, मोतिया, लिंबू, अबोली. सगळे डोळ्यांना थंड वाटणारे रंग. पण अंग असे फिके असले की काठ मात्र डाळिंबी किंवा केशरी हवा, नाहीतर "साडीला उठाव नाही" असे म्हणत. आजची डिझायनर मंडळी फिक्या रंगांना पेस्टल म्हणतात आणि त्यांच्या जोडीला एखादा ऊबदार रंग घ्या असे सांगतात. म्हणजे आपले काठाचेच शास्त्र!

मंडळी, या शास्त्राच्या आधारे एक अख्खी वस्ती कशी वाचली, ते आज सांगते. वस्ती अमेरिकेतली आहे, फ्लोरिडातल्या मायामी बीचची.

१९२६ साली तिथे मोठे चक्रीवादळ झाले. पुढे १९३० च्या दशकात समुद्रकाठी दोन-तीन मजली लहान हॉटेले उभी राहिली. हेन्री होहाउझर आणि मरे डिक्सन हे त्यांचे प्रमुख वास्तुकार. गोलसर कोपरे, सरळ आडव्या रेषा आणि खिडक्यांवर छज्जे. या छज्ज्यांना तिकडे 'भुवया' म्हणतात. शैलीचे नाव आर्ट डेको, १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून पडलेले. मूळच्या या इमारती बहुतेक पांढऱ्या होत्या, रंग असे तो काठापुरता.

१९७० च्या दशकापर्यंत त्यांची रया गेली. रंग मातकट झाले. खोल्यांत स्वस्त भाड्याने राहत होते ते निवृत्त म्हातारे, पुष्कळसे न्यूयॉर्ककडून आलेले ज्यू. पेन्शनवर दिवस काढायचे आणि व्हरांड्यात खुर्च्या टाकून समुद्राकडे बघत बसायचे. बिल्डरांना मात्र त्या जागी टोलेजंग इमारती दिसत होत्या.

१९७६ साली बार्बरा कॅपिटमन नावाच्या बाईंनी या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. वय पंचावन्नच्या पुढे, आदल्याच वर्षी यजमान गेलेले. सोबतीला लिओनार्ड होरोविट्झ हा तरुण डिझायनर. तीन वर्षांत, १९७९ मध्ये, त्या वस्तीची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली. पण नुसत्या नोंदीने मालकाचा हात धरता येत नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कर हे देखणे हॉटेल पाडले गेलेच.

मग होरोविट्झने रंगाचा डबा उघडला. समुद्र, आकाश, वाळू आणि मावळतीचे ढग यांतून त्याने रंग निवडले. भिंतींना फिका हिरवा, जांभळट, आकाशी. छज्जे, पट्टे आणि नक्षी यांना मावळतीचे गुलाबी-नारिंगी. एका जुन्या बेकरीच्या इमारतीला त्याने असे रंगवले आणि १९८२ मध्ये ती वास्तुशास्त्राच्या एका नामांकित मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. १९८४ मध्ये 'मायामी व्हाइस' ही दूरदर्शन मालिका आली आणि ते रंग घरोघरी पोचले. ज्या भिंतींकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्या पाहायला लोक येऊ लागले.

तेव्हाही काही जाणकारांनी नाके मुरडली. मूळ इमारती अशा नव्हत्याच, मग हे कसले जतन? आक्षेप खरा आहे. पण मला वाटते, होरोविट्झने एकही रेषा नवी काढली नाही. वास्तुकाराने काढलेली रेषाच त्याने रंगाने दाखवून दिली. वर्गात फळ्यावरच्या महत्त्वाच्या शब्दाखाली आम्ही रंगीत खडूने रेघ ओढायचो, तसेच हे. शब्द आधीचाच, नजर नवी.

माझे मन अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. वस्ती उजळली तशी भाडी चढली, खोल्यांची महागडी हॉटेले झाली आणि व्हरांड्यातल्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. इमारती राहिल्या, म्हातारे गेले. सत्तरी ओलांडल्यावर हे वाक्य सहज लिहून होत नाही. भिंतीच्या रंगाला लोक जपतात, पण भिंतीआडच्या माणसाची नोंद कोणत्या वहीत होते?

होरोविट्झ १९८९ मध्ये ऐन चाळिशीत गेला, बार्बराबाई १९९० मध्ये.

आपल्या मुंबईतही हीच शैली आहे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांतले १९३८ चे इरॉस आठवून पाहा. अंग सायीच्या रंगाचे, त्याला आग्र्याच्या लाल दगडाची जोड. काठ कसा शोभतो ते कळेल.

असो. पुढच्या वेळी तिकडून जाल तेव्हा इमारतींचे छज्जे जरूर बघा. आणि खाली खुर्ची टाकून कुणी आजोबा बसलेले दिसले, तर त्यांच्याशी दोन शब्द बोला.