घरच्या साबणाला फेस कमी का येतो?

फेस मुख्यतः तेलावर ठरतो. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लामुळे भरपूर फेस येतो. थोडे एरंडेल तेल तो टिकवते. गरजेपेक्षा जास्त तेल उरले, तर फेस दबतो.

थंड पद्धत: तेलात कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळून साच्यात ओततात. साबण एक-दोन दिवसांत धरतो, पण वडी 4 ते 6 आठवडे वाळवावी लागते. पाणी उडाले की वडी कडक होते आणि फेस सुधारतो.

गरम पद्धत: मिश्रण मंद आचेवर शिजवतात. क्रिया भांड्यातच पूर्ण होते, म्हणून त्वचेसाठीचे खास तेल शेवटी घालता येते. मात्र ही वडीही वाळवल्यास फेस चांगला येतो.

मावळ-लोणावळ्यात काय वेगळे? पावसाळ्यातली दमट हवा. साबणातले ग्लिसरीन ओलावा ओढते, वडीवर थेंब जमतात आणि ती वाळायला वेळ लागतो. वड्या जाळीवर अंतर ठेवून पंख्याखाली ठेवाव्यात. दर आठवड्याला वजन करावे. ते घटायचे थांबले की वडी वाळली.

लक्षात ठेवा: फेस आला म्हणजे साबण सुरक्षित झाला असे नाही. उरलेला सोडा त्वचा भाजतो. द्रावण करताना हातमोजे आणि चष्मा घालावा, सोडा पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये.