व्हॉल्व्ह गाइड, मोटार एंजिनातील

सिलिंडर हेडमध्ये घट्ट दाबून बसवलेली, झडपेच्या दांड्यास सरळ रेषेत वरखाली होऊ देणारी आणि झडपेची उष्णता हेडकडे वाहून नेणारी नळी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या आणि मुंबईच्या टॅक्सीव्यवसायाचा दीर्घकाळ आधार ठरलेल्या पद्मिनी मोटारीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनात ही नळी झिजली, म्हणजे उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच अंतर्ग्रहणमार्गातील अंशतः निर्वातामुळे तेल ज्वलनकक्षात ओढले जाऊन मागे निळसर धूर निघतो. सबब रेडिएटरचे पाणी काढून, मॅनिफोल्ड, रॉकर व पुशरॉड उतरवून, हेडचे नट थंड एंजिनावरच बाहेरून मध्याकडे थोडेथोडे सैल करीत हेड उचलतात. येथे घाई केल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि सारी मरम्मत व्यर्थ जाते. जुनी नळी, हेड समप्रमाणात तापवून, पायरीदार ड्रिफ्टने काढतात. नवी नळी मूळच्याच उंचीवर बसवून रीमरने साफ केल्यावर झडपेची बैठकही पुन्हा कापणे अत्यावश्यक असते, कारण नव्या नळीचा अक्ष जुन्या बैठकीशी क्वचितच तंतोतंत जुळतो. या कर्तव्याकडे होणारे दुर्लक्ष अक्षम्यच म्हटले पाहिजे. शेवटी नवे गॅस्केट घालून टॅपेटची फट फीलर गेजने लावतात.