भरली ट्रॉली, उतार आणि ‘लो’चा दांडा

तेलंगणातील वांकिडी हे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले मंडल मुख्यालय. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. 2016 च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. मंचेरियालहून आसिफाबाद, राजुरामार्गे चंद्रपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 363 येथून जातो. पश्चिमेला केरामेरीचा आणि त्यापलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीचा डोंगराळ मुलूख आहे. याच मुलखातील काही मराठीभाषक गावांवर दोन्ही राज्ये आजही आपला हक्क सांगतात. राज्य कोणतेही असो, पीक एकच: कापूस. वेचणी झाली की तो ट्रॉलीत भरून पठारावरून खाली, जिनिंगच्या आणि बाजारपेठेच्या दिशेने न्यावा लागतो. पौषात परंदोळीजवळच्या जंगुबाईच्या यात्रेला बैलगाड्यांबरोबर ट्रॅक्टरही माणसांनी भरून जातात. चढताना फार तर इंजिन दमते; खरी परीक्षा उतरताना असते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा उतार हा ट्रकच्या उतारापेक्षा वेगळा विषय आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरचा ब्रेकही बहुधा केवळ मागच्या दोन चाकांवर चालतो. म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून आठ टनांचा भार असेल, तर तो थांबविण्याची सारी जबाबदारी जेमतेम दोन टनांच्या यंत्राच्या दोन चाकांवर येऊन पडते. हा भार शंभर मीटर उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, तिने साधारण तेवीस लिटर गार पाणी उकळीला येईल. तेवढी उष्णता ब्रेकच्या चकत्यांनी एकट्याने सोसायची, की तिचा मोठा वाटा इंजिनाने उचलायचा, हा निर्णय चालकाचा असतो. तो त्याने माथ्यावरच घ्यावयाचा असतो, हे या लेखात सांगण्यासारखे मुख्य सूत्र.

ट्रॅक्टरच्या प्रचलित गिअरपेटीत पुढचे आठ गिअर असतात: चार गिअरचा एक दांडा आणि त्या चारांना दुप्पट करणारा ‘हाय-लो’चा दुसरा दांडा. पन्नास अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरचा वेग, इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असताना, ‘लो-एक’मध्ये ताशी तीन किलोमीटरच्या आसपास, तर ‘हाय-चार’मध्ये तीसच्या आसपास असतो. ‘लो-चार’चा वेग आठ-नऊच्या घरात येतो. चाकाच्या भाषेत सांगायचे तर ‘हाय-चार’मध्ये मागचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन सतरा-अठरा फेरे घेते, आणि ‘लो-चार’मध्ये साठ-पासष्ट. चढावर हेच प्रमाण इंजिनाची ताकद वाढवून चाकाला देते. उतारावर दिशा उलटते: चाक इंजिनाला फिरवू पाहते, आणि इंजिनाचा अंगभूत विरोध तितक्याच पटीने वाढून चाकाला अडवतो. यालाच चालक ‘इंजिन ब्रेक’ म्हणतात.

आकड्यांत पाहिले की गोष्ट स्वच्छ होते. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली नेणारा उतार आणि आठ टनांचा एकूण भार धरू. गुरुत्वाकर्षण या भाराला सुमारे चारशे किलोंच्या जोराने खाली ओढते. त्यातले दीडशे-एकशेसाठ किलो टायरांच्या घर्षणात जातात. उरलेले सुमारे दोनशेचाळीस किलो कोणीतरी अडवायला हवेत. पावणेतीन लिटरच्या डिझेल इंजिनाचा विरोध ‘लो-चार’मध्ये चाकाशी ठोकळ मानाने चारशेच्या वर भरतो, आणि ‘हाय-चार’मध्ये शंभर-सव्वाशे. पहिल्या स्थितीत ट्रॉली आपोआप आवरली जाते, ब्रेकला पाय लावण्याची गरजही क्वचितच पडते. दुसऱ्या स्थितीत ती वेग घेतच राहते. उतार दहाला एक असेल तर अडवायचा जोर साडेसहाशेच्या घरात जातो. तेथे ‘लो-चार’ही पुरत नाही, ‘लो-दोन’वर यावे लागते. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक यंत्रागणिक ते बदलतील. पण ज्या गिअरने भरली ट्रॉली चढते त्याच गिअरने ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा ठोकताळा यांच्याशी जुळतो. डिझेल इंजिनात हवा अडविणारी झडप नसल्याने त्याचा इंजिन ब्रेक पेट्रोलच्या मानाने दुबळा असतो. त्यामुळे भार जड असेल तर एक गिअर आणखी खाली घेण्यात नुकसान काहीच नाही.

मग माथ्यावरच का? कारण बहुतेक ट्रॅक्टरांची गिअरपेटी चालत्या गाडीत बदलण्यासाठी बनलेलीच नसते. हाय-लोचा दांडा तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय हलवू नये, असेच सांगितले जाते. अर्ध्या उतारावर वेग वाढलेला पाहून कोणी क्लच दाबून ‘लो’ टाकू पाहील, तर ‘हाय’ सुटेल आणि ‘लो’ लागणार नाही. दात कराकरा वाजतील, गाडी न्यूट्रलमध्ये राहील. इंजिनाचा उरलासुरला विरोधही त्या क्षणी गेलेला असतो. उताराच्या दुर्घटनेची ही नेहमीची वाट आहे. तेव्हा उताराचा माथा दिसताच ट्रॅक्टर थांबवावा, ‘लो’ टाकावा, हाताचा अॅक्सिलरेटर पूर्ण खाली आणावा आणि मगच पुढे निघावे. हा हाताचा दांडा अनेकांच्या लक्षातून सुटतो. शेतात नांगरताना वर ठेवलेला तो तसाच राहिला, तर पाय काढूनही गव्हर्नर इंजिनाला डिझेल पुरवीत राहतो.

आणखी एक काम माथ्यावरचेच. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र असतात, कारण शेतात आखूड वळण घ्यायचे असते. रस्त्यावर येताना दोन्ही पायट्या जोडणारी खिटी लावणे विसरले, तर घाईत एकाच चाकाचा ब्रेक लागतो. मागून ढकलणारी ट्रॉली मग ट्रॅक्टरला आडवा करते.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचते, ही समजूत सीमेच्या दोन्ही बाजूंना तितकीच घट्ट आहे. वस्तुस्थिती उलट आहे. गिअरमध्ये असलेल्या गाडीचा पाय काढला आणि चाकांनी इंजिनाला फिरवायला सुरुवात केली, की पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते, म्हणून ते डिझेल घेतच राहते. थोडक्यात, जिवाची जोखीम पत्करून उतारावर वाचवायला फारसे काही नसते.

‘लो’ टाकला म्हणजे ब्रेकला सुट्टी, असे मात्र नाही. इंजिनाचे फेरे ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर जाऊ लागले, तर व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. अशा वेळी ब्रेक दाबून वेग स्पष्ट खाली आणावा, सोडावा, पुन्हा गरज पडली तर दाबावा. पाय हलकासा टेकवून ठेवत सारा उतार उतरणे वाईट. त्याने ब्रेक तापत राहतात आणि नेमक्या वेळी धरत नाहीत. क्लचला तर उतार संपेपर्यंत हात, म्हणजे पाय, लावूच नये.

‘लो’ची मर्यादा टायरांच्या पकडीत आहे. इंजिनाचा विरोध शेवटी मागच्या दोन टायरांमधूनच रस्त्यावर उतरतो. कोरड्या डांबरावर ते हजार किलोंचा जोर सहज पेलतात. ओल्या काळ्या मातीवर तोच आकडा तीन-चारशेवर घसरतो. मग चाके गाडीच्या वेगापेक्षा हळू फिरत घसरू लागतात आणि ट्रॉली मागून रेटते. अशा वेळी ब्रेक दाबण्याची ऊर्मी प्रबळ असते, पण उपाय विरुद्ध आहे: किंचित अॅक्सिलरेटर देऊन चाकांना गाडीच्या वेगाशी जुळू द्यावे, पकड आली की पाय काढावा. पुढच्या चाकांनाही गती देणारा ट्रॅक्टर असेल तर चिखलाच्या उतारावर ती जोडणी घालावी. विरोध चार चाकांत वाटला जातो. कोरड्या डांबरावर ती सुटीच ठेवणे बरे, अन्यथा टायर झिजतात.

भाराबद्दलही थोडे. कापसाची ट्रॉली डोंगरासारखी दिसते, पण वजनाला मुरूम किंवा वाळूपुढे ती किरकोळ असते. तिचा धोका उंचीत आहे: वळणावर ती कलते. मुरमाची ट्रॉली उलट बुटकी आणि निरुपद्रवी दिसते, आणि उतारावर तीच खरी रेटते. पाहणाऱ्याला भिववणारी ट्रॉली एक, ढकलणारी दुसरी. माणसांनी भरलेली ट्रॉली तिसरी, आणि तिच्याबद्दल कायदा स्पष्ट आहे: माल वाहून नेणारी ट्रॉली प्रवाशांसाठी नाही. यात्रेच्या आणि वेचणीच्या दिवसांत हा नियम कसा पाळला जातो, हे वेगळे सांगायला नको.

गोव्याच्या वाचकांना हेच तत्त्व अनमोड किंवा चोर्ला घाटात मालवाहू ट्रकच्या घरघरीतून ऐकू येते. ट्रकला प्रत्येक चाकावर ब्रेक असतो, अनेकांना एक्झॉस्ट ब्रेकही असतो, तरी जाणता चालक घाटाच्या तोंडाशीच गिअर खाली घेतो. कॅसल रॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात लोहमार्ग सदतीस फुटांना एक फूट उतरतो. तेथे मालगाडीला केवळ चाकांच्या ब्रेकवर सोडत नाहीत. इंजिनाच्या मोटारी उलट कामाला लावून त्यांचा विरोध वापरला जातो. जीपवर्गातील चारचाकी गाड्यांत ‘फोर-लो’ म्हणून जो दांडा असतो, तो ट्रॅक्टरच्या ‘लो’चाच भाऊबंद.

इतके करूनही चूक घडली, ‘हाय’मध्येच उतार सुरू झाला, तर वेग कमी असतानाच दोन्ही पायट्या जोराने दाबून गाडी पूर्ण थांबवावी आणि मग ‘लो’ टाकावा. उशीर झाला, ब्रेक धरेनासे झाले, तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला, चढाच्या शेतात किंवा मातीच्या बांधाला घासत गाडी न्यावी. हँडल झटक्याने वळवू नये. थांबल्यावर ट्रॉलीच्या चाकांपुढे मोठे दगड लावूनच खाली उतरावे. केवळ हँडब्रेकवर विसंबू नये, कारण तोही ट्रॅक्टरच्या त्याच दोन चाकांना धरतो. अरुंद घाटात समोरून चढणारी गाडी आली तर वाट उतरणाऱ्याने द्यायची, असा वाहतुकीचा नियम आहे. तो पाळता येण्यासाठी उतरणाऱ्याला केव्हाही थांबता आले पाहिजे.