बर्डी, श्याम हॉटेल आणि पुस्तकांचा दसरा

नागपूरकर सीताबर्डीला नुसतं 'बर्डी' म्हणतात. बर्डी म्हटलं की इतिहासवाल्यांना किल्ला आणि 1817 ची लढाई आठवते. मला श्याम हॉटेल आठवतं. ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेब माईसाहेबांसह इथेच उतरले होते. 13 तारखेला इथेच पत्रकारांशी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसातून एक बाजार उभा राहिला, त्याबद्दल मात्र फार कुणी लिहीत नाही.

वामनराव गोडबोल्यांनी पांढरे कपडे घालून या, असं आवाहन केलं होतं. म्हणजे पहिली मागणी कापडाची. पण ती एका दिवसाची. टिकली ती पुस्तकांची. कारण अगदी घरगुती आहे. जुना धर्म सोडला, आता लग्न कसं लावायचं? बाळाचं नाव ठेवताना काय म्हणायचं? वंदना कुणाला पाठ आहे? प्रत्येक घराला एक पुस्तिका हवी होती. बाबासाहेब डिसेंबरमध्येच गेले, 'द बुद्ध अँड हिज धम्म' 1957 मध्ये आलं. पण गावोगावच्या माणसाला हवी होती ती खिशात मावणारी, मराठी, काही आण्यांची चोपडी.

ती छापली छोट्या माणसांनी. आणि विकली कुठे? इथेच खरी गंमत आहे. बर्डीतल्या पुस्तकवाल्याचा हंगाम म्हणजे जून-जुलै, शाळा-कॉलेजं सुरू होतात तेव्हा. या विक्रेत्यांचं पंचांगच वेगळं: दसऱ्याला दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला दादर, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड, 14 एप्रिलला जिथे असू तिथे. दुकान नाही, बारमाही भाडं नाही. एक ताडपत्री, चार गठ्ठे. गिऱ्हाईक शोधायला जायचं नाही, ते स्वतःच रेल्वेने येतं! मोठ्या प्रकाशकाला हे जमलं नसतं असं नाही. पण त्याला हा वाचक दिसतच नव्हता, असं माझं मत.

सरकारला दिसायलाही 1979 उजाडलं. मूळच्या नागपूरच्या वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड निघायला लागले. हे जाड खंडही त्याच ताडपत्र्यांवर आले, बुद्धमूर्ती, निळे झेंडे आणि भीमगीतांच्या कॅसेट्सच्या शेजारी.

सगळंच सोनं असतं असं नाही हं. तीच पुस्तिका वेगवेगळी मुखपृष्ठं लावून चार जण छापतात, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. आता मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, तेव्हा हा धंदा बसेल असं मला वाटायचं म्हणून गेल्या खेपेला मुद्दाम तासभर एका स्टॉलजवळ उभा राहिलो.

एक आजी आल्या, पांढरं लुगडं, हातात पिशवी. म्हणाल्या, "भाऊ, मोठ्या अक्षराचं दे."

विक्रेत्याने विचारलं, "तुम्ही वाचता का, माय?"

"मले कुठं येते वाचता? नातू वाचते."

त्याने तीन काढून दाखवली. आजींनी तिन्ही उघडून अक्षरं बोटाने मोजल्यासारखी पाहिली आणि मधलं घेतलं.